उतरंडीची भाषा आणि तिचा दुभाषी

जुन्या वाड्यांतील कोठीच्या कोपऱ्यांत मडक्यांची उतरंड रचलेली असे. तळाशीं मोठा डेरा, त्यावर माठ, त्यावर लहान मडकें, अशी ती वर निमुळती होत जाई. या रचनेचा कायदा एकच. जें मडकें शेवटीं चढविलें, तेंच प्रथम उतरवावयाचें. मधल्या मडक्यांतले तीळ हवे असले तरी वरचीं मडकीं उतरविल्यावांचून हात पोंचत नसे. संगणकाच्या स्मृतींत आंकडे ठेवण्याची अगदीं अशीच एक रीत आहे. इंग्रजींत तिला स्टॅक म्हणतात. तिला उतरंड म्हटलें तर कांहीं बिघडत नाहीं. या एका रीतीवर संबंध संगणकभाषा उभारतां येते. शिवाय त्या भाषेचा दुभाषी, म्हणजे एकेक शब्द वाचून त्याप्रमाणें यंत्राकडून काम करवून घेणारी आज्ञावली, एखादा हौशी गृहस्थ सुटीच्या थोड्या दिवसांत घरीं बसून तयार करूं शकतो. इतर प्रौढ भाषांविषयीं असें म्हणण्याचें धाडस सहसा कोणी करणार नाहीं.

कागद-पेन्सिल जवळ असेल तर श्रोत्यांनीं एक लहान उदाहरण मांडून पाहावें. पांच व तीन यांच्या बेरजेची दुप्पट करावयाची आहे. शाळेंतील मांडणींत बेरजेला कंस घालावा लागतो, नाहीं तर गुणाकार आधीं होऊन उत्तर चुकतें. उतरंडीच्या भाषेंत ही मांडणी अशी होते: ५ ३ + २ ×. पांच चढला, त्यावर तीन चढला. अधिक चिन्ह येतांच वरचे दोन्ही आंकडे उतरले व त्यांच्या जागीं आठ चढला. मग दोन चढला. गुणाकाराच्या चिन्हानें आठ व दोन उतरवून सोळा ठेवला. कंस नाहीं, आणि आधीं कोणती क्रिया करावी याचा नियमहि नाहीं. कंस टाळण्याची ही कल्पना पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांची. त्यांनीं १९२४ सालीं चिन्ह आंकड्यांच्या आधीं लिहिण्याची पद्धति काढली. तीच उलटी करून चिन्ह शेवटीं घातलें तर यंत्राला फार सोयीचें होतें, हें १९५० नंतरच्या दशकांत ऑस्ट्रेलियांतील हॅम्ब्लिन आणि जर्मनींतील बाउअर व झामेलसन यांच्या कामांतून पुढें आलें. १९७२ मध्यें निघालेल्या एचपी-३५ या खिशांतल्या गणकयंत्रावर ‘बरोबर’चें बटण मुळींच नव्हतें, तें याच कारणानें. इंग्रजी बोलणाऱ्यास ही मांडणी उफराटी वाटते. मराठी माणसाला तशी वाटण्याचें कारण नाहीं. ‘पांचांत तीन मिळव’ या वाक्यांत आधीं वस्तु येतात व क्रियापद शेवटींच येतें.

आतां दुभाषी. तो लिहिलेली ओळ डावीकडून वाचतो व मोकळी जागा आली कीं शब्द संपला असें मानतो. मग तो शब्द आपल्या कोशांत शोधतो. सांपडला तर त्यापुढें लिहिलेलें काम करतो. न सांपडला तर ही संख्या असेल काय असें पाहतो, आणि असल्यास ती उतरंडीवर चढवितो. तीहि नसेल तर ‘हा शब्द ठाऊक नाहीं’ असें सांगून थांबतो. बस्स, एवढेंच. कोशांत आरंभीं बेरीज, वजाबाकी, वरच्या आंकड्याची दुसरी प्रत काढणें, वरचे दोन आंकडे अदलाबदल करणें, असे वीस-तीस शब्द असले म्हणजे पुरे. शब्द म्हणजे केवळ मोकळ्या जागांमधला अक्षरसमूह असल्यामुळें तो देवनागरींत असावयास कसलीच हरकत नाहीं. विसर्गासारख्या दोन टिंबांनीं व्याख्येचा आरंभ व अर्धविरामानें शेवट दाखविण्याचा संकेत आहे. ‘: वर्ग प्रत × ;’ एवढें लिहिलें कीं कोशांत ‘वर्ग’ हा शब्द दाखल झाला. मग ‘: घन प्रत वर्ग × ;’ लिहावें; तीनावर तो चालविला तर सत्तावीस येतात. अशा रीतीनें भाषा वापरणाराच ती वाढवीत जातो.

येथपर्यंत वाट सोपी आहे. ‘जर’ हा शब्द आला कीं मात्र पुष्कळांचें घोडें पेंड खातें. व्याख्या लिहिली जात असतां दुभाषी शब्दांचीं कामें करीत नाहीं, तीं फक्त कोशांत टिपून ठेवतो. पण ‘जर’चा अर्थ असा कीं अट खोटी ठरल्यास मधलें सर्व ओलांडून पुढें जा, आणि पुढें म्हणजे कोठें, हें तेव्हां ठाऊकच नसतें, कारण पुढचा मजकूर अजून वाचलेला नाहीं. यावर तोड मोठी सुबक आहे. ‘जर’ हा शब्द टिपण्याऐवजीं व्याख्या चालू असतांनाच काम करतो. तो उडीची आज्ञा टिपून ठिकाणाची जागा कोरी सोडतो, आणि त्या कोऱ्या जागेचा क्रमांक उतरंडीवर ठेवतो. पुढें शेवट दाखविणारा शब्द, समजा ‘इति’, आला कीं तो हा क्रमांक उतरवून घेतो व कोऱ्या जागेंत योग्य ठिकाण भरतो. एका ‘जर’च्या पोटांत दुसरा ‘जर’ आला तरी गोंधळ होत नाहीं; शेवटीं उघडलेला आधीं मिटतो, कारण उतरंडीचा कायदाच तो. हें एकदां उमगलें म्हणजे आवर्तनें त्याच युक्तीनें होतात. एका शब्दानें दुसऱ्याला बोलाविल्यावर परत कोठें यावयाचें, याची नोंद ठेवण्यास मात्र दुसरी वेगळी उतरंड लागते.

हा सारा खटाटोप मूळ एका माणसानें स्वतःच्या सोयीसाठीं केला. अमेरिकेंतील चार्ल्स मूर हे १९५८ च्या सुमारास स्मिथ्सोनियन वेधशाळेसाठीं काम करीत. लहानशा फरकासाठीं सगळी आज्ञावली पुन्हां यंत्रभाषेंत उतरविण्यांत फार वेळ जाई. म्हणून भोंकें पाडलेल्या पत्त्यांवरून शब्द वाचणारा एक छोटा दुभाषी त्यांनीं लिहिला व पुढें जेथें गेले तेथें तो बरोबर नेला. १९६८ सालीं गालिचे बनविणाऱ्या एका कंपनींत आयबीएम ११३० या यंत्रावर त्याला नांव मिळालें. तें ‘चौथी’ या अर्थीं ठेवावयाचें होतें. पण त्या यंत्रावर नांवास पांचच अक्षरें चालत, म्हणून इंग्रजी शब्दांतील एक गाळून ‘फोर्थ’ उरलें. १९७१ मध्यें अ‍ॅरिझोनांतील किट पीक येथील रेडिओ-दुर्बीण या भाषेनें चालूं लागली. एलिझाबेथ रॅदर यांनीं तेथेंच ती आत्मसात केली, आणि १९७३ त त्या व मूर प्रभृतींनीं कंपनी काढली. १२ नोव्हेंबर २०१४ रोजीं धूमकेतूवर उतरलेल्या ‘फिले’ या यानांतील संगणकहि उतरंडीच्या धर्तीवर घडविलेले होते व फोर्थ बोलत होते.

तथापि या भाषेचें एक दुखणें झांकून ठेवणें योग्य नव्हे. ती माणसावर फार विश्वास टाकते. उतरंडीवरील आंकडा वय आहे कीं रुपये आहेत, हें ती विचारीत नाहीं. दहा व तीन हा क्रम उलटला तर वजाबाकीचें उत्तर सातऐवजीं उणें सात येतें, आणि यंत्र हूं कीं चूं करीत नाहीं. हजार वेळां फिरणाऱ्या आवर्तनांत एकेक आंकडा चुकून शिल्लक राहिला, तर हजार मडकीं चढतात व डोलारा भलत्याच ठिकाणीं कोसळतो. याकरितां जाणते लोक प्रत्येक व्याख्येशेजारीं तो शब्द किती आंकडे घेतो व किती ठेवतो याची टीप लिहितात. ‘घन’ एक घेतो, एक ठेवतो. नवशिक्यानें हा परिपाठ पहिल्या शब्दापासून पाळावा, आणि रिकाम्या उतरंडीवरून उतरविण्याचा प्रयत्न होतांच दुभाष्यानें ओरडावें, ही तजवीज बेरजेच्याहि आधीं करून ठेवावी.