निद्रानाशाचा संकेतांक

गव्हाला १००१, मक्याला १००५, तांदुळाला १००६ हे अंक २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यापासून आपणां व्यापाऱ्यांच्या परिचयाचे झाले आहेत. रोगांनाही असेच अंक असतात, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. १८९३ साली ज्याक बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटना ती चालविते आणि त्याच सुमारास तिच्यात आजारांचाही समावेश झाला.

या यादीत झोप न येण्याच्या तक्रारीची स्थिती मोठी चमत्कारिक होती. दहाव्या आवृत्तीत तिला दोन घरे आहेत: मज्जासंस्थेच्या प्रकरणात जी ४७.० आणि मानसिक विकारांच्या प्रकरणात एफ ५१.०. जागरण एकच, पण डॉक्टर त्याचे कारण काय मानतात यावर त्याचे घर ठरावयाचे. विम्याच्या दाव्याच्या फॉर्मवर याच आवृत्तीचा अंक मागितला जातो. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीने हे द्वैत मोडून निद्राविकारांना स्वतंत्र प्रकरण दिले. त्यात दीर्घकालीन निद्रानाश ७ए०० व अल्पकालीन ७ए०१ होय. आठवड्यातून अनेक रात्री, निदान तीन महिने, निजावयास पुरेसा अवसर असूनही झोप लागत वा टिकत नाही आणि दिवसाच्या कामाला बाधा येते, तेव्हाच तो दीर्घकालीन. हंगामात गाड्या उतरवून घेण्यासाठी केलेले जागरण यात मोडत नाही!

आमच्या राजपुऱ्यात काय किंवा अन्यत्र काय, ‘एफ’ या अक्षराची धास्ती मोठी. घरात सोयरीक जुळवावयाची असली म्हणजे मंडळी डॉक्टरांस निम्मीच हकीकत सांगतात. वास्तविक २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक व शारीरिक आजारांत भेद करण्यास मनाई केली आहे. अपुऱ्या हकिकतीवरून अंकही चुकीचा पडतो, आणि अंकामागून औषध चालते. झोपेत श्वास अडखळण्याचा विकार, जी ४७.३, हा अगदी निराळा. त्यालाही रात्री वारंवार जाग येते; पण तो निव्वळ निद्रानाश समजून झोपेच्या गोळ्या घेतल्यास काही गोळ्यांनी श्वासाची अडचण वाढू शकते.

म्हणून दवाखान्यात जाण्यापूर्वी दोन आठवड्यांचा रोजमेळ मांडावा: केव्हा निजलो, केव्हा जाग आली, दुपारी डुलकी किती, चहा किती वाजता. घोरण्याची नोंद मात्र घरच्यांनी करावी. निजलेल्यास ते कोठून कळणार?