शेवटचे दोनशे मीटर

शर्यत म्हटली म्हणजे आरंभापासून जो सर्वांच्या पुढे राहील तोच जिंकेल, अशी सर्वसाधारण समजूत असते. सायकलींच्या शर्यतींचा एक प्रकार मात्र या समजुतीला पूर्णपणे छेद देणारा आहे. त्यात दोन स्पर्धक ‘आधी आपण, आधी आपण’ असा एकमेकांना आग्रह करीत असल्याप्रमाणे रेंगाळतात, प्रसंगी जागच्या जागी उभेही राहतात. आणि प्रेक्षक कंटाळून दुसरीकडे पाहू लागतो न लागतो तोच दोघेही बाणासारखे सुटतात. या प्रकाराला स्प्रिंट म्हणतात. तो १८९६ साली अथेन्सच्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये होता आणि आजही आहे. स्त्रियांसाठी तो ऑलिंपिकमध्ये १९८८ पासून सुरू झाला.

ही शर्यत साध्या रस्त्यावर होत नाही. तिला अंडाकृती धावमार्ग लागतो आणि त्याची वळणे बाहेरच्या बाजूने उंच उचललेली असतात. वेगाने वळणारी सायकल बाहेर फेकली जाऊ पाहते. मार्गच आत कलता असला म्हणजे ती चाकाखालची पकड न सोडता वळण घेते. असा धावमार्ग पेण येथे नाही आणि रोह्यासही नाही. रायगड जिल्ह्यातील हौशी सायकलपटूला जवळचा म्हणजे पुण्याजवळील बालेवाडीचा. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने उभारलेल्या क्रीडासंकुलात तो आहे. पेणचा तरुण खोपोलीवरून बोरघाट चढतो, रोह्याचा कोलाडवरून ताम्हिणीचा रस्ता धरतो. पण दोघांनाही सह्याद्री ओलांडल्यावाचून ज्या मार्गावर धावावयाचे त्याचे दर्शनसुद्धा घडत नाही. अशा एका तरुणाचा स्पर्धेचा दिवस कल्पनेने डोळ्यांपुढे आणला, तर या खेळाचे मर्म सहज उलगडते.

त्याची तयारी घरच्याच रस्त्यांवर झालेली असते. खारेपाटातील एखाद्या सरळ, कमी वर्दळीच्या रस्त्यावर २०० मीटर मोजून दोन खुणा केलेल्या असतात. त्या दोन खुणांमधील अंतर तो पहाटे पुन्हा पुन्हा कापतो. आषाढात पाऊस कोसळू लागला म्हणजे ओसरीवर रोलर मांडला जातो. तीन रुळांवर सायकल तोलून तो जागच्या जागी पाय फिरवीत राहतो. पाय तयार होतात, छाती तयार होते. वळणाच्या उतारावर सायकल झोकून देण्याची सवय मात्र होत नाही. ती उणीव घेऊनच तो घाट चढतो.

त्याची शर्यतीची सायकलही निराळी असते. तिला ब्रेक नसतो आणि फ्रीव्हीलही नसते. चाक फिरते तोवर पेडल फिरणारच. पाय स्वस्थ ठेवण्याची सोय नाही. वेग कमी करावयाचा तर पायांनीच पेडलला विरोध करावा लागतो. गिअर एकच, आणि तो शर्यतीपूर्वी निवडून ठेवलेला. समजा, पुढील चक्राला ४९ दाते आहेत व मागील चक्राला १४. मग पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक साडेतीन फेरे घेते आणि सायकल सात मीटरांहून थोडी अधिक पुढे जाते. ताशी ६० किलोमीटर वेग गाठावयाचा तर पायांना मिनिटाला सुमारे १३६ फेरे घ्यावे लागतात. दाते वाढविले तर फेरे कमी पुरतात, पण एकदम उसळी घेणे जड जाते. सकाळी हातात पाना घेऊन तो चाकाशी बसतो तेव्हा खरोखर याच प्रश्नाचा निर्णय करीत असतो.

पहिली परीक्षा घड्याळाशी असते. प्रत्येक स्पर्धक एकटाच धावतो, वेग घेत घेत वळणाच्या माथ्यावर चढतो आणि तेथून खाली झेपावतो. शेवटचे २०० मीटर तेवढे मोजले जातात. १२ सेकंद लागले तर वेग बरोबर ताशी ६० किलोमीटर होतो. पॅरिस येथे २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये हॅरी लाव्रेसेन या डच खेळाडूने हेच अंतर ९.०८८ सेकंदांत तोडले. तो वेग ताशी ७९ किलोमीटरांहून अधिक होता. आमच्या तरुणाने १२ सेकंद घेतले असे धरू. या वेळांवरून जोड्या लागतात, आणि त्या अशा की सर्वांत वेगवानासमोर सर्वांत मंद उभा राहावा. मागच्या क्रमांकाचा हा तरुण साडेअकरा सेकंदवाल्यासमोर येतो. अर्ध्या सेकंदाचा हा फरक अंतरात मोजला तर आठ मीटरांहून अधिक, म्हणजे जवळजवळ पाच सायकलींची लांबी भरते. मग शर्यतीत उरले काय?

उरते ती हवा. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्या विरोधावर मात करण्यास लागणारी शक्ती आठपट होते. पुढचा स्वार हवा फाडीत जातो. त्याच्या पाठीशी चिकटलेल्याला तो विरोध पुष्कळ कमी सोसावा लागतो. म्हणून मागे राहणारा शक्ती राखतो, शत्रूवर डोळा ठेवतो आणि शेवटी बाजूने उसळी घेतो. पुढच्याला मात्र मान वळवून वळवून मागे पाहावे लागते. दोघेही हे जाणतात. म्हणूनच पुढे कोणालाच व्हावयाचे नसते.

या रेंगाळण्याने पूर्वी मोठे विलक्षण प्रसंग ओढवले आहेत. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अंतिम शर्यतीला ठरवून दिलेली वेळ स्पर्धकांनी सावकाशीतच ओलांडली. पंचांनी शर्यत रद्द केली आणि पदक कोणालाच मिळाले नाही. १९६४ साली टोकियोत इटलीचा पेत्तेनेल्ला व फ्रान्सचा त्रँतँ हे दोघे सुमारे २२ मिनिटे सायकलवर निश्चल उभे होते. आता असे थबकण्याला नियमांनी आवर घातला आहे.

धावमार्ग २५० मीटरांचा असेल तर तीन फेऱ्या होतात, तो बराच लांब असेल तर दोन. प्रथम पुढे कोणी राहावयाचे हे चिठ्ठी टाकून ठरते. पहिल्या जोडीत आमच्या तरुणाला पुढची जागा मिळते. तो मागे पाहतो, पण वळणाच्या माथ्यावर चढलेला प्रतिस्पर्धी नेमका कोठे आहे हे त्याच्या ध्यानात येईपर्यंत दुसरा उतारावरून खाली झेपावलेला असतो. उंचीचे वेगात रूपांतर झालेले असते. रस्त्यावरच्या सरावाने न शिकविलेला हा धडा त्याला हरूनच शिकावा लागतो.

परंतु अनेक स्पर्धांत पहिल्या फेरीत हरलेल्यांना आणखी एक संधी देतात. दुपारी तो पुन्हा उतरतो तेव्हा वळणाचा माथा तो स्वतः धरतो. प्रतिस्पर्धी खाली, तो वर; आता मान वळविण्याची पाळी दुसऱ्याची. घंटा होते, शेवटची फेरी सुरू होते. दुसरा अधीर होऊन निघतो. हा त्याच्या मागच्या चाकाला धरून राहतो आणि अखेरच्या वळणातून बाहेर पडताना बाजूने पुढे सरकतो. आतल्या बाजूची तांबडी रेघ येथे महत्त्वाची ठरते. शेवटच्या टप्प्यात तिच्या आत असलेल्या पुढच्या स्वाराने ती ओलांडून दुसऱ्याची वाट अडवावयाची नाही, आणि मागच्याने बाहेरूनच पुढे जावयाचे. बाहेरचा मार्ग लांब पडतो. तेवढे अंतर त्याने हवेच्या आडोशाला राखून ठेवलेल्या बळावर भरून काढावयाचे असते. तो अर्ध्या चाकाने जिंकतो. घड्याळाने सकाळी त्याला जी जागा दिली होती, ती बुद्धीने आणि धीराने बदलली.

पुढच्या फेरीत तो हरतो. बलवान प्रतिस्पर्ध्याने तीच युक्ती त्याच्यापेक्षा सफाईने वापरलेली असते. त्याचे पदक हुकते. पण दूरच्या मुलुखातून आलेल्याला वर चढता येत नाही असे नाही. मणिपूरच्या रोनाल्डो सिंगने २०२२ साली दिल्ली येथील आशियाई स्पर्धेत याच स्प्रिंटमध्ये रौप्यपदक मिळविले. ज्येष्ठांच्या गटात हा मान मिळविणारा तो पहिला भारतीय ठरला.

संध्याकाळी चाके काढून सायकल गाडीत पडते आणि घाट उतरू लागतो. दुसऱ्या दिवशी पहाटे तो त्याच सरळ रस्त्यावर, त्याच दोन खुणांमध्ये दिसेल. पण आता पहिल्या खुणेपाशी तो लगेच सुटणार नाही. मित्राला पुढे घालून तो आधी थोडा थांबेल.