बिडाचा दर्शनी सांगाडा : एस्प्लनेड मॅन्शन व जीर्णोद्धाराचा प्रश्न

जुन्या वास्तूच्या दर्शनी भागाचा जीर्णोद्धार हाती घेण्यापूर्वी त्यावरील अलंकरण आणि वास्तूचा भार यांचा परस्परसंबंध निश्चित करावा लागतो. वाड्याच्या भिंतीवरील चुन्याची वेलबुट्टी झडली तरी भिंत उभी राहते व कुशल गवंडी ती वेलबुट्टी पुन्हा उठवू शकतो. परंतु ज्या इमारतीत नक्षीदार खांब हेच भार वाहतात, तेथे नक्षीला हात लावणे म्हणजे सांगाड्यालाच हात लावणे होय. मुंबईच्या काळा घोडा भागातील एस्प्लनेड मॅन्शन हे याचे ठळक उदाहरण आहे.

ही इमारत मुळात वॉटसन्स हॉटेल या नावाने प्रसिद्ध होती. रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याने तिची आखणी केली. तिचे लोखंडी भाग इंग्लंडमध्ये तयार होऊन जहाजाने मुंबईस आले व १८६७ ते १८६९ या काळात येथे जोडण्यात आले. भार लोखंडी सांगाड्यावर असून मधल्या विटांच्या भिंती केवळ आडोशासाठी आहेत. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचे चलच्चित्रपट भारतात प्रथम येथेच दाखविण्यात आले. पुढे हॉटेल बंद पडले आणि त्याच्या खोल्यांचे रूपांतर बिऱ्हाडे व कार्यालये यांत झाले.

या वास्तूचे गुण आणि दोष दोन्ही बिडात आहेत. बिडात कार्बनचे प्रमाण सामान्यतः शेकडा २ ते ४ असते. त्यामुळे ते साच्यात सहज ओतता येते व त्यावर बारीक नक्षी उठते. दाब सोसण्यात ते समर्थ, परंतु ताण व आघात सोसण्यात दुबळे आहे. बिडाचा तवा वर्षानुवर्षे चुलीवर टिकतो, पण हातून निसटला की तडकतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. पोलाद अधिक चिवट असते. त्या चिवटपणास साहाय्यभूत होणारे मँगनीज भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजरुक येथील खाणींतून निघते. वितळलेल्या पोलादातील प्राणवायू दूर करणे व गंधकाचा उपद्रव आवरणे, हे त्याचे कार्य होय. तथापि १८६० च्या दशकात इमारतींसाठी पोलादाचा वापर रूढ झालेला नव्हता. म्हणून ऑर्डिशपुढे ओतीव व घडीव लोखंड हाच मार्ग होता.

बिऱ्हाडे वाढली की पोटभिंती, पोटमाळे व पाण्याचे नळ वाढतात. भार वाढतो आणि ओल सांध्यांत मुरते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे सांधे फाकतात व लगतचे बीड तडकते. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूंना संरक्षण मिळाले, परंतु गोठलेल्या भाड्यातून अशा इमारतींच्या दुरुस्तीचा खर्च भागेनासा झाला. २००५ च्या जुलै महिन्यात या इमारतीच्या सज्जाचा काही भाग कोसळून मनुष्यहानी झाली. त्याच वर्षी वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगातील शंभर संकटग्रस्त वास्तूंच्या यादीत तिचा समावेश केला.

बिडाच्या दर्शनी भागाच्या जीर्णोद्धारात कामाचा क्रम महत्त्वाचा असतो. प्रथम धिरे देऊन भार उतरवावा व नंतर आलेले वाढीव बांधकाम काढावे. प्रत्येक भागास क्रमांक देऊन त्याचे मोजमाप व छायाचित्र घ्यावे. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्याने तो सावधपणे काढावा. तडकलेले बीड सांधण्यास साधी वितळजोड धोक्याची असते, कारण असमान उष्णतेने नवे तडे जातात. म्हणून तड्याच्या दोन्ही बाजूंस धातूच्या पट्ट्या बसवून ते थंडपणे ‘शिवण्याची’ रीत आहे. जो भाग वाचत नाही तो नव्याने ओतावा लागतो. तेथे एक बारकावा आहे. बीड थंड होताना सुमारे शेकडा १ आकसते. जुना तोडाच नमुना म्हणून वापरला, तर नवा तोडा आखूड भरतो व जुन्या छिद्रांशी जुळत नाही. म्हणून नमुना त्या प्रमाणात मोठा करावा लागतो.

२०१९ मध्ये इमारत रिकामी करण्यात आली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या अहवालाने ती पाडण्याची शिफारस केली, तर वास्तुसंवर्धकांनी तीस विरोध केला. रहिवाशांच्या व पादचाऱ्यांच्या जीविताचा प्रश्न या वादात सर्वांत आधी येतो, यात शंका नाही. तथापि जी वास्तू सुट्या भागांतून जोडली गेली, तिचे दुखणेही भागाभागाने तपासता येते. कोणता खांब निकामी, कोणता बळकट करण्याजोगा व कोणता निर्दोष, याची यादी झाल्यावाचून ‘पाडा’ किंवा ‘राखा’ असा एकच निर्णय सर्व सांगाड्यास लावणे शास्त्रास धरून होणार नाही. दगडी वास्तूत अशी यादी करणे कठीण असते. बिडाच्या वास्तूत तिच्या रचनेनेच ती सोय करून ठेवलेली आहे.