धातूला जाणीव असेल काय?

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १० मे १९०१ रोजी जगदीशचंद्र बोस यांनी श्रोत्यांपुढे विद्युत्प्रतिसादाचे जे आलेख मांडले, त्यांतला स्नायूचा कोणता आणि धातूचा कोणता हे ओळखणे कठीण होते; आणि जड वस्तूंच्या ठायी चैतन्य असू शकेल काय, हा प्राचीन काळापासून तर्काच्या अखत्यारीत राहिलेला प्रश्न त्यायोगे प्रयोगशाळेच्या दप्तरी दाखल झाला.

बोस मूळचे पदार्थविज्ञानाचे. बिनतारी विद्युत्तरंगांवर काम करीत असता, तरंग टिपणारा धातूचा ग्राहक सततच्या वापराने मंदावतो आणि विश्रांती मिळाली की पूर्ववत् होतो, असे त्यांना आढळले. त्या कुतूहलापोटी त्यांनी कथील, प्लॅटिनम आदी धातूंच्या तारा घेतल्या. तारेचे दोन भाग विद्युत्प्रवाहमापकाला जोडावयाचे, मध्यभागी घट्ट चिमटा बसवून एका भागाचा क्षोभ दुसऱ्यापर्यंत पोहोचू द्यावयाचा नाही, आणि मग एकाच भागाला ठरावीक पीळ द्यावयाचा. तसे करताच मापकात प्रवाह उमटतो व काही वेळाने ओसरतो. पीळ वरचेवर दिले तर प्रतिसाद खालावतो, सोडियम कार्बोनेटने तो वाढतो, ऑक्झॅलिक आम्लाने नाहीसा होतो. काही द्रव्ये तर अल्प मात्रेत उत्तेजक आणि अधिक मात्रेत मारक ठरतात. सजीवत्वाची सनद म्हणून शरीरशास्त्रज्ञ ज्या विद्युत्प्रतिसादाकडे बोट दाखवीत, तोच येथे निर्जीव तारेने दिला होता.

पुढच्याच महिन्यात रॉयल सोसायटीत बर्डन-सँडरसन या ज्येष्ठ शरीरशास्त्रज्ञाने हरकत घेतली आणि बोसांचा निबंध त्या वेळी छापला गेला नाही. बोस नमले नाहीत. १९०२ साली सजीव व निर्जीव यांच्या प्रतिसादावरील आपल्या ग्रंथात त्यांनी हे सारे प्रयोग एकत्र केले.

परंतु या प्रयोगांवरून कथलाला वेदना होतात, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो बोसांवर अन्याय होईल. लंडनच्या भाषणाचा समारोप त्यांनी प्राचीन भारतीयांच्या एकत्वदृष्टीच्या स्मरणाने केला, म्हणून या गैरसमजाला वाव मिळाला, हे खरे. तथापि त्यांचा शास्त्रीय दावा असा होता की, स्नायूचा प्रतिसाद समजून घेण्यास गूढ प्राणशक्ती गृहीत धरण्याची गरज नाही, कारण तेच नियम धातूतही चालतात. त्यांनी धातूला जिवाच्या पंक्तीला बसविले म्हणावे, तितकेच जिवाला धातूच्या पंक्तीला आणले असेही म्हणता येईल.

जड आणि चेतन यांची सीमा कोठे आखावी, याविषयी प्राचीन भारतीयांतही एकमत नव्हते. जैन दर्शनाने पृथ्वी, जल, अग्नी आणि वायू यांनाही देह करून राहणारे एकेंद्रिय जीव मानले. स्पर्श हेच त्यांचे इंद्रिय. सांख्यांनी याउलट मन आणि बुद्धीदेखील जड प्रकृतीच्या खाती टाकून चैतन्य तेवढे पुरुषाकडे, म्हणजे साक्षी आत्म्याकडे, ठेवले. मला सांख्यांचा हा विवेक अधिक मर्मग्राही वाटतो. कारण त्या दृष्टीने कथलाचा आलेखच काय, आपल्या मेंदूचा आलेखही प्रकृतीचाच व्यवहार ठरतो, आणि अनुभव घेणारा कोण हा प्रश्न कोणत्याही प्रतिसादाच्या नोंदीने निकालात निघत नाही.

मेंदू ज्या द्रव्याचा घडला त्यात अनुभवाचा लवलेशही नसेल, तर तो मेंदूत आला कोठून, असे विचारून काही पाश्चात्त्य तत्त्वज्ञ कणाकणाला अनुभवाचा अंश देतात. त्यांच्या मार्गातली धोंड मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८९० सालीच दाखवून दिली होती: बारा माणसांना एकेका शब्दाचे चिंतन करावयास सांगितले, तरी संपूर्ण वाक्याची जाणीव त्या घोळक्यात कोठेच उपजत नाही. कणांचे अनुभव जोडून एक अनुभविता कसा व्हावा, याचे समाधानकारक उत्तर माझ्या मते अद्याप मिळालेले नाही.

मेंदूशास्त्रज्ञ जूलिओ टोनोनी यांनी २००४ साली मांडलेला जाणिवेचा सिद्धांत याच गाठीला हात घालतो. ज्या रचनेचे घटक परस्परांवर परिणाम करीत एकसंध होतात तेथे जाणीव, आणि एकसंधतेच्या प्रमाणात तिची मात्रा, असे तो मानतो. त्यामुळे दगडांच्या ढिगाऱ्याला काही मिळत नाही. योग्य तऱ्हेने गुंफलेल्या साध्या यंत्राला मात्र जाणिवेचा किंचित् वाटा द्यावा लागतो. २०२३ साली शंभरावर अभ्यासकांनी जाहीर पत्राद्वारे त्यावर छद्मविज्ञानाचा शिक्का मारला. हा शिक्का मला उतावळा वाटतो. कोणत्या वस्तूविषयी जाणिवेचा प्रश्न विचारणे सार्थ आणि कोणत्या वस्तूविषयी निरर्थक, याची हद्द आखण्याचा प्रयत्न तरी त्या सिद्धांताने केला आहे, आणि ती हद्द सजीव-निर्जीवांच्या रूढ हद्दीवरून जात नाही.