सागरी भस्मीकरण व त्याची देखरेख

विषारी द्रवरूप टाकाऊ रसायने, मुख्यत्वे क्लोरीनयुक्त कार्बनी संयुगे, दूर समुद्रात नेऊन जहाजावरील भट्टीत जाळून नष्ट करण्याच्या पद्धतीस सागरी भस्मीकरण म्हणतात. ही पद्धत १९६९ साली उत्तर समुद्रात सुरू झाली. पुढे १९७२ मध्ये मालवाहू जहाजाचे रूपांतर करून तयार केलेले ‘व्हल्कनस’ हे जहाज विशेष प्रसिद्धीस आले.

ज्वलनात निर्माण होणारा हायड्रोजन क्लोराइड वायू जमिनीवरील भट्टीत धुऊन काढावा लागतो. जहाजावर तशी सोय नसे. किंचित क्षारधर्मी सागरजल तो उदासीन करील, असे गृहीत धरलेले होते. हे गृहीत रसायनशास्त्रास धरून होते. पण धुराड्यातून आणखी काय बाहेर पडते, हे किनाऱ्यापासून दूर पाहणारे कोणी नसल्याने सर्व भिस्त उपकरणांवर होती.

सागरी प्रदूषणाविषयीच्या १९७२ च्या लंडन करारास १९७८ मध्ये जोडलेल्या नियमांनुसार ज्योतीचे तापमान सामान्यतः किमान १,२५०° से. असावे लागे. तापमान, रसायन भट्टीत सोडण्याचा वेग, जहाजाचे स्थान, तसेच धूरवायूतील कार्बन मोनॉक्साइड व कार्बन डाय-ऑक्साइड यांच्या नोंदी ठेवाव्या लागत. या दोन वायूंच्या प्रमाणांतील वजाबाकीस कार्बन डाय-ऑक्साइडाच्या प्रमाणाने भागून शेकडेवारी काढली म्हणजे ज्वलन-कार्यक्षमता मिळते. ती ९९.९५ ± ०.०५ टक्के असणे आवश्यक होते.

तथापि ही संख्या इंधन किती पूर्ण जळाले एवढेच सांगते. विष किती उरले ते सांगत नाही. त्यासाठी विनाश-कार्यक्षमता (किमान ९९.९ टक्के) ठरवावी लागे व तिच्यासाठी धूरवायूचे नमुने घ्यावे लागत. हे काम अवघड होते. वायू अतितप्त असल्याने नमुना-नळी पाण्याने थंड ठेवावी लागे. धुराडे रुंद व आखूड, त्यामुळे एका जागी घेतलेला नमुना सर्व प्रवाहाचा निदर्शक असेलच असे नसे. त्यात जहाजाचे हेलकावे.

पॅसिफिकमधील जॉन्स्टन प्रवाळद्वीपाजवळ १९७७ मध्ये ‘व्हल्कनस’वर सुमारे १०,४०० टन ‘एजंट ऑरेंज’ हे तणनाशक जाळण्यात आले. त्यात दर दशलक्ष भागांत सरासरी सुमारे दोन भाग, म्हणजे एकूण अंदाजे २० किग्रॅ. डायॉक्सिन होते. ९९.९ टक्के नाश झाला असे धरले, तरी २० ग्रॅम शिल्लक राहते. नमुन्यात डायॉक्सिन आढळले नाही, तर ते उपकरणाच्या शोधमर्यादेहून कमी होते इतकेच म्हणता येते. कार्यक्षमतेचा आकडाही मग त्या मर्यादेवरूनच काढावा लागतो.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या विज्ञान सल्लागार मंडळाने १९८५ मध्ये याहून मूलभूत उणीव दाखविली. मापन ठराविक मूळ संयुगांपुरतेच होत असे. अपूर्ण ज्वलनातून भट्टीतच नव्याने तयार होणारी संयुगे हिशेबात येत नसत. उत्तर समुद्रातील भस्मीकरण १९९१ मध्ये थांबले. लंडन कराराच्या सदस्य राष्ट्रांनी औद्योगिक टाकाऊ द्रव्यांच्या सागरी भस्मीकरणावर १९९३ मध्ये बंदी स्वीकारली व ती १९९४ मध्ये अंमलात आली.