एकच यंत्र : थंडीत ऊब, उन्हाळ्यात गारवा

उष्णता जाळूनच निर्माण करावी लागते, असा आपला समज असतो. पण ती दुसरीकडून आणताही येते. कोळसा परदेशातून विकत घेणाऱ्या स्वित्झर्लंडमध्ये १९३८ साली झुरिकच्या नगरभवनात ‘हीट पंप’ बसविला गेला. शेजारच्या लिमात नदीच्या गार पाण्यातली उष्णता ओढून तो इमारत उबदार ठेवी. उन्हाळ्यात तेच यंत्र गारवा देई.

आजच्या घरगुती यंत्रात ही अदलाबदल कशी होते? कॉम्प्रेसर उलटा फिरत नाही. वायूचा रस्ता उलटतो. चार तोंडांच्या झडपेतली सरकपट्टी हलते आणि गरम वायू बाहेरच्या नळ्यांऐवजी घरातल्या नळ्यांत जातो. तिथे उष्णता सोडून त्याचा द्रव होतो. बाहेरच्या नळ्यांत त्याचा पुन्हा वायू होताना तो हवेतली उष्णता शोषतो.

आता जमाखर्च पाहू. साधा हीटर एक युनिट विजेत एकच युनिट उष्णता देतो. हा पंप साधारण दोन ते चार. मात्र कडक थंडीत बाहेरच्या नळ्यांवर बर्फ साचतो. तो वितळविण्यासाठी झडप काही मिनिटे उलटते आणि घरातली गरम हवा थांबते. वाचकहो, तेव्हा यंत्र बिघडले समजून लगेच मेकॅनिकला पैसे मोजू नका. थोडे थांबा, ऊब परत येते.