वाय-फाय डोंगल लावलं की कीबोर्ड अक्षरं का गाळतो?

कळमेश्वरला एका जुन्या डेस्कटॉपवर मी हे नुकतंच पाहिलं. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना बँक खाते क्रमांकातला एक आकडा गळत होता. असा फॉर्म गेला, तर पैसे अडकणारच!

व्हायरस नव्हता. वायरलेस कीबोर्डचा रिसीव्हर आणि वाय-फाय डोंगल शेजारी-शेजारी लावलेले होते. दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे. डोंगलच्या जोरदार सिग्नलखाली कीबोर्डचा कमजोर सिग्नल दबतो.

आधी डोंगल काढून टाइप करून बघा. अक्षरं नीट आली, तर कारण सापडलं. मग रिसीव्हर समोरच्या पोर्टमध्ये लावा किंवा यूएसबी एक्स्टेन्शन केबलने दूर आणा. तरीही अडलं, तर डोंगलऐवजी मोबाइल यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा. वाय-फायची गरजच नाही. सबमिट करण्याआधी मात्र प्रत्येक आकडा तपासा.